डीएचआर टेस्टसाठी घरी येऊन रक्त नेणारी लॅब: आमचा अनुभव (सिंहगड रोड, पुणे)

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. ज्यांच्या घरात पोराला सारखे फोड, सारख्या गाठी, सारखा ताप असं चालू आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर डीएचआर (रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायचं काम करतात का ते बघणारी टेस्ट) असं लिहून दिलंय त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. लांब झालंय, पण मी रात्री दोन-दोन वाजता मोबाईल घेऊन शोधत बसायचे तेव्हा मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं, म्हणून सगळंच लिहिते.

आमचा मुलगा सहा वर्षांचा. जन्मल्यावर बीसीजी दिली तशी सगळ्यांना देतात, त्यानंतर डाव्या काखेत गाठ आली, चार महिन्यांचा असताना ती फुटली, पू आला. तेव्हा सांगितलं बीसीजीची गाठ आहे, होते काही मुलांना. आणि खरंच होते काही मुलांना, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग दीड वर्षाचा असताना मानेला गाठ, ती कापून पू काढला. मग मध्ये जरा बरं गेलं. पाचव्या वर्षी पंधरा दिवस ताप उतरेना, सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गळू निघालं, त्यात स्टॅफ नावाचा जंतू, तीन आठवडे ॲडमिट. घरी आलो तर पोटदुखी सुरू, शीतून रक्त, वजन १४ किलोवर अडकलेलं ते अडकलेलंच. स्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघितलं, त्यात ग्रॅन्युलोमा म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठी दिसल्या. आपल्याकडे आतड्यात ग्रॅन्युलोमा म्हटलं की पहिला संशय टीबीचा, त्यामुळे एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू झाली, सहा महिने न चुकता दिली, फरक काही नाही. सीआरपी, म्हणजे अंगात सूज किती ते दाखवणारा रक्तातला आकडा, कायम वरच. जंतू कुठे सापडेना आणि अंगातली सूज उतरेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आमचं वर्षभर चाललं होतं आणि आम्हाला ते कळतही नव्हतं.

मग एका बालरोगतज्ज्ञांनी सगळ्या फायली टेबलवर पसरून नीट वाचल्या आणि मला एकच प्रश्न विचारला, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का. माझ्या पोटात गोळाच आला. माझा मोठा भाऊ मी जन्मायच्या आधी गेला, चार वर्षांचा होता, साताऱ्याकडच्या आमच्या गावी. आई एवढंच सांगायची की त्याला सारखी गळवं यायची, एक बसलं की दुसरं. डॉक्टरांनी लगेच चिठ्ठीवर डीएचआर लिहिलं आणि म्हणाले, ही टेस्ट साधी आहे पण सॅम्पल नीट पोचलं तरच तिला अर्थ आहे.

त्यांचं ते वाक्य मी तेव्हा गांभीर्याने घेतलं नाही ही माझी चूक.

पहिल्यांदा आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो, नाव लिहीत नाही. शुक्रवारी संध्याकाळी रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं, बाहेरगावी पाठवतो म्हणाले. फक्त मुलाचंच घेतलं, बाकी कुणाचं नाही. पुढच्या बुधवारी रिपोर्ट आला, सॅम्पल तपासणीयोग्य नाही, परत पाठवा. पैसे परत नाहीत, वर मुलाला परत सुई. तो आधीच दवाखान्याचा दरवाजा दिसला की माझ्या ओढणीत तोंड लपवतो, त्याला परत टोचायचं सांगताना मला काय झालं असेल ते ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनाच कळेल.

मग डॉक्टरांनीच ही एरंडवण्यातली लॅब सांगितली. इथून पुढे जे लिहितेय ते यांच्याबद्दल.

फोन केला तर पहिली गोष्ट, त्यांनी अपॉइंटमेंट देण्याआधी मलाच चार प्रश्न विचारले. मुलाला गेल्या काही दिवसांत रक्त चढवलंय का, आत्ता ताप आहे का, कुठली औषधं चालू आहेत, आणि सॅम्पल सोमवार ते गुरुवारमध्येच चालेल का. शुक्रवार-शनिवार घेतच नाहीत कारण या टेस्टमध्ये पेशी जिवंत हव्यात. बाकीच्या बऱ्याच टेस्टमध्ये रक्तात काय आहे ते मोजतात, इथे पेशीला काम करायला लावून ती करते की नाही ते बघतात. आता मेलेल्या पेशीला काय काम सांगणार. म्हणून रक्त शक्यतो २४ तासांच्या आत मशीनवर लागलं पाहिजे आणि फ्रीजमध्ये किंवा बर्फात अजिबात ठेवायचं नाही, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवायचं. हे ऐकल्यावर मला तो बर्फाचा डबा आठवला आणि खरं सांगते, फोनवरच रडू आलं. पलीकडच्या ताई थांबल्या, म्हणाल्या, मॅडम होतं असं, आपण नीट करू.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती कंट्रोलची. म्हणजे मुलाबरोबर त्याच वेळी एका निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, तशाच ट्यूबमध्ये, त्याच पिशवीतून न्यायचं. समजा रस्त्यात उन्हाने किंवा उशिराने पेशी खराब झाल्या तर त्या निरोगी माणसाच्याही खराब दिसतील, मग कळतं की दोष प्रवासाचा आहे, मुलाचा नाही. आणि तो माणूस रक्ताच्या नात्यातला नको. मी विचारत बसले कोणाला सांगावं, कारण कोणाला रक्त मागायचं म्हणजे सगळी कहाणी सांगणं आलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या आईला लिफ्टमध्ये विचारलं तर काकू म्हणाल्या विचारायचं काय त्यात, पाठवते सकाळी. मंगळवारी पावणेसातला तो दादा अंघोळ करून आमच्या हॉलमध्ये येऊन बसलेला होता आणि माझ्या मुलाला म्हणाला, आधी मला टोचणार, तू बघ मी ओरडतो का. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

रक्त घ्यायला आलेला मुलगा सातला पाच कमी असताना दारात. हातमोजे नवीन काढले, ट्यूबा हिरव्या झाकणाच्या, मी आधीच वाचून ठेवलं होतं की यांना हेपारिनची लागते, जांभळ्या झाकणाची नाही, तरी विचारलं तर त्याने न चिडता ट्यूब माझ्या हातात देऊन दाखवली. मुलाची शीर सापडत नाही पटकन, इतक्या वेळा टोचलंय. त्याने दोन्ही हात बघितले, कोमट पाण्याची पिशवी मागितली, पाच मिनिटं शेकलं आणि एकाच टोच्यात झालं. ट्यूबेवर नाव आणि वेळ माझ्यासमोर लिहिली. माझंही घेतलं, कारण डॉक्टरांनी आईचंही सांगितलं होतं. मग राजाराम पुलावरून गाडी काढून सव्वाआठच्या आत लॅबमध्ये पोचल्याचा मेसेज आला. सकाळी आठनंतर आपल्या सिंहगड रोडची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको, म्हणून सातची वेळच घ्या, नऊची घेऊ नका.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पण नुसता पीडीएफ टाकून मोकळे झाले नाहीत. त्यांच्याकडच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि पाऊण तास बसून समजावलं. माझ्या मते या लॅबचे पाचपैकी चार स्टार त्या पाऊण तासाचे आहेत.

त्यांनी काय सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, रोज अब्जावधी नवीन तयार होतात आणि थोडक्या वेळात मरतात. कुठे जंतू घुसला की सगळ्यात आधी धावत जातात त्या याच. जंतूला गिळतात, आणि गिळल्यावर पेशीच्या आत एक एन्झाइम चालू होतं, एनएडीपीएच ऑक्सिडेज, ते ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल रसायनं बनवतं आणि जंतू मरतो. मॅडम म्हणाल्या, चूल समजा. जंतू चुलीत टाकला आणि चूल पेटली की काम झालं. तुमच्या मुलाच्या पेशी जंतू बरोबर शोधतात, बरोबर गिळतात, पण चूल पेटतच नाही. जंतू आत जिवंत बसून राहतो.

टेस्टमध्ये हेच बघतात. रक्तात एक डाय घालतात, डायहायड्रोरोडामिन, त्यावरून डीएचआर. मग पीएमए नावाचं रसायन घालून पेशींना चेतवतात. चूल पेटली तर तो डाय बदलतो आणि हिरवा चमकायला लागतो. फ्लो सायटोमीटर मशीनमधून एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि किती चमकली ते मोजलं जातं, हजारो पेशी. मग ग्राफ. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दादाच्या ग्राफमध्ये चेतवण्याआधीचा डोंगर डावीकडे आणि चेतवल्यानंतरचा पार उजवीकडे सरकलेला. माझ्या मुलाचा डोंगर आधी डावीकडे, नंतरही डावीकडे, जिथल्या तिथे. मला मेडिकलचं काही कळत नाही, मी बी. कॉम. झाले आहे, पण ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीजीडी. साधारण दोन लाखांत एक असं धरतात. १९५७ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा याचं नीट वर्णन केलं तेव्हा नावातच जीवघेणा असा शब्द होता, कारण मुलं वाचायचीच नाहीत. मग १९६७ मध्ये कळलं की पेशी गिळतात पण मारत नाहीत, आणि १९८६ मध्ये जीन सापडला. माझा भाऊ गेला तेव्हा जगात हे माहीत झालेलं होतं, आमच्या गावापर्यंत पोचलेलं नव्हतं, एवढंच.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. मी मॅडमना विचारलं, की जंतू मरत नाही हे समजलं, पण मग आतड्यात जंतू सापडत नसताना सूज का, रक्त का, सीआरपी का वर. कारण वर्षभर आम्हाला सगळे एकच सांगत होते, इम्युनिटी कमी आहे. सासूबाईंनी गुळवेल सुरू केली होती, कुणी च्यवनप्राश आणून दिलं, कुणी कसल्या इम्युनिटीच्या गोळ्या, सगळं मायेने, पण सगळ्यांच्या डोक्यात हेच की शक्ती कमी पडतेय तर वाढवा.

मॅडम म्हणाल्या की या आजारात नुसतं कमी असं काही नाही, एका बाजूला कमी आहे आणि दुसऱ्या बाजूला जास्त. ती जी चूल आहे तिचं दुसरंही काम असतं. तिच्यातून निघणारी रसायनं जंतू तर मारतातच, पण बाकीच्या पेशींना आता पुरे, काम झालं, असा निरोपही त्यांच्यातूनच जातो. चूल पेटली नाही तर निरोप जात नाही. न्यूट्रोफिल येतच राहतात. एरवी त्या काम संपलं की शिस्तीत मरतात आणि मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येऊन त्यांना गिळून जागा साफ करतात, आणि साफ करता करता स्वतः शांत होतात आणि आजूबाजूलाही शांत करतात. सीजीडीत ही साफसफाईच नीट होत नाही, मेलेल्या पेशींचा ढीग पडून राहतो. पेशीच्या आतला कचरा मोडीत काढायची व्यवस्था पण अडखळते. त्यामुळे आयएल-वन बीटासारखे सूज वाढवणारे संदेश जास्त सुटतात, ते आणखी पेशींना बोलावतात, आणि हे चक्र चालू राहतं. शेवटी मॅक्रोफेज त्या न संपणाऱ्या जागेभोवती गोळा होऊन भिंत बांधतात, तोच ग्रॅन्युलोमा. तो आतड्यात झाला की क्रोन्स नावाच्या आतड्याच्या सुजेच्या आजारासारखा दिसतो, जठरातून अन्न बाहेर पडतं त्या तोंडाशी झाला तर अन्न पुढे सरकत नाही आणि उलट्या, लघवीच्या मार्गात झाला तर लघवी अडते. आणि प्रत्येक वेळी तिथे जिवंत जंतू असेलच असं नाही. म्हणजे पोराच्या अंगात लढाई संपल्यावरसुद्धा सैन्य घरी जात नव्हतं.

हे ऐकून माझे मिस्टर, जे एरवी एक शब्द बोलत नाहीत, ते म्हणाले, म्हणजे आम्ही वर्षभर शक्ती वाढवायच्या मागे होतो आणि त्याला थांबवणारंच कुणी नव्हतं. मॅडम म्हणाल्या, थोडंफार असंच.

याचा उपचारात फरक पडतो म्हणून एवढं लिहिलं. आतड्याच्या सुजेसाठी आमच्या डॉक्टरांनी स्टेरॉईड अगदी मोजून दिलं, कमी दिवस. क्रोन्सला जी टीएनएफ हा सूज वाढवणारा संदेश अडवणारी जबरी इंजेक्शनं देतात ती या मुलांना देणं धोक्याचं, सूज उतरते पण बुरशीचं वगैरे गंभीर इन्फेक्शन होऊन जिवावर बेतू शकतं. डीएचआर झालीच नसती आणि नुसतं क्रोन्स म्हणून उपचार सुरू झाले असते तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही, करवत नाही. शिवाय आता रोज जंतूंसाठी कोट्रायमॉक्साझोल आणि बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू आहे, इन्फेक्शन टाळायला देतात त्या गॅमा इंटरफेरॉनच्या इंजेक्शनबद्दलही बोलणं झालंय. गुळवेल आम्ही डॉक्टरांना विचारून बंद केली. सासूबाईंना मी तो ग्राफ दाखवला, त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि दुसऱ्या दिवशी बरणी स्वतःच फडताळात वर ठेवून दिली.

आता माझा रिपोर्ट. हा मी लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होते, पण बायकांनी वाचावा म्हणून लिहिते. मुलांमध्ये जास्त करून दिसणारा प्रकार एक्स क्रोमोसोमवरच्या सीवायबीबी नावाच्या जीनमधला असतो, तो आईकडून येतो. माझ्या ग्राफमध्ये एक डोंगर नव्हता, दोन होते. काही पेशी चमकलेल्या, काही अजिबात नाहीत, कारण बाईकडे दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू असतो. माझ्या साधारण चाळीस टक्के पेशी चमकतात. मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर चट्टे येतात का, तोंड येतं का सारखं. मी शाळेपासून उन्हाची ॲलर्जी म्हणून छत्री घेऊन फिरते आणि माझं तोंड महिन्यातून एकदा येतंच, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन मी कंटाळले होते. वाहक बायकांमध्ये, म्हणजे ज्यांच्या एका एक्सवर हा बिघडलेला जीन असतो त्यांच्यात, हे दोन्ही दिसतं, ल्युपस नावाच्या आजारात येतात तसे चट्टेसुद्धा. पस्तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चमकणाऱ्या पेशी अगदी कमी असतील, वीस टक्क्यांच्याही खाली वगैरे, तर बाईलाही इन्फेक्शन होऊ शकतात, आणि वयाप्रमाणे हा आकडा बदलू शकतो, म्हणून काही वर्षांनी परत करा म्हणाल्या.

त्या खोलीत मला आधी वाटलं की हे माझ्यामुळे झालं. मॅडमच्या ते लक्षात आलं असणार. त्या म्हणाल्या, हा जीन तुमच्याकडे आला तो तुम्ही निवडला नव्हता आणि पुढे गेला तोही नाही. मग पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प बसल्या. बरं वाटलं.

सगळ्यांचा प्रकार हा एक्सवालाच असतो असं नाही हेही त्यांनी सांगितलं. त्या एन्झाइमचे पाच-सहा तुकडे असतात, त्यातला कुठलाही बिघडू शकतो, आणि काही प्रकारांत आई-वडील दोघांकडून बिघडलेला जीन यावा लागतो, त्यात मुलीही आजारी पडतात. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, तिथे हा प्रकार जास्त निघू शकतो. म्हणून मुलगी आहे म्हणजे सीजीडी नसणार असं समजू नका. आणि डीएचआर खराब आली म्हणजे शंभर टक्के सीजीडीच असंही नाही, मायलोपेरॉक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइम नसेल तरी ग्राफ खराब दिसतो आणि तो प्रकार बहुतेकांना फारसा त्रास देत नाही, म्हणून जीन टेस्टने पक्कं करायचं. आमचं पाच आठवड्यांनी पक्कं झालं. त्यात त्यांनी एक गोष्ट मुद्दाम बघायला लावली, की जीनचा मोठा तुकडाच गायब आहे का, कारण शेजारीच एक्सके नावाचा जीन आहे आणि तोही गेला असेल तर मुलाचा रक्तगट वेगळाच होतो, साधं रक्त चढवलं तर पुढे मॅच होणारं रक्त मिळणं महाकठीण होऊन बसतं. आमच्याकडे ते निघालं नाही, पण हे बघायचं असतं हे माहीत असणारी लॅब आहे एवढं मी म्हणेन.

बाकी सेवा. सूज किती आहे ते बघायला दर तीन महिन्यांनी सीआरपी आणि शीची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट करतो, तीही हेच घरून नेतात, डबी आदल्या दिवशी आणून देतात. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिलमधलंच प्रोटीन, आतड्यात न्यूट्रोफिल जितके जास्त जमतील तितकं ते शीत जास्त उतरतं, त्यामुळे दर वेळी स्कोपी करावी लागत नाही. आमचा आकडा हळूहळू खाली येतोय. वजन सतरा किलो झालंय. परवा त्याने स्वतःहून दुसरी पोळी मागितली.

पैसे: माझ्या आणि मुलाच्या डीएचआरचे मिळून साडेआठ हजार झाले, घरी येण्याचे वेगळे दोनशे, कंट्रोलचे घेतले नाहीत. जीन टेस्टचे वेगळे आणि ते बरेच आहेत, आधी विचारून घ्या. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांचं खूप काम चालतं, डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन जा. आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सीजीडी पहिल्या गटात आहे, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटने कायमचा बरा होऊ शकणाऱ्यांत, ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम त्या केंद्रांत आहे. आम्ही त्या वाटेवर आहोत, डोनर शोधणं चालू आहे, त्याबद्दल झाल्यावर लिहीन.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे रिपोर्ट फक्त इंग्रजीत आणि व्हॉट्सॲपवर येणारा ग्राफ काळा-पांढरा, दोन डोंगरांतला फरकच कळत नाही, रंगीत प्रिंट मागून घ्यावी लागते. दुसरं, आणि हे मला जास्त लागलं, रिसेप्शनवर बसलेल्या मुलीने भर वेटिंग रूममध्ये मोठ्याने मुलाचं नाव घेऊन आजाराचं नाव उच्चारलं. आठ-दहा माणसं बसलेली. माझा मुलगा वाचायला शिकलाय, ऐकू तर येतंच, त्याने घरी येऊन विचारलं आई क्रॉनिक म्हणजे काय. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी माफी मागितली, पुढच्या वेळी टोकन नंबरने बोलावलं, पण हे आधीच व्हायला हवं होतं. पार्किंगचं तर विचारूच नका, रिक्षाने जा.

आणि त्यांना एक विनंती आहे. घरी काय काळजी घ्यायची याचा मराठीत एक कागद छापून द्या. मॅडम तोंडी सांगतात पण त्या वेळी डोकं चालत नाही. मला नंतर बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं की या मुलांसाठी सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे कुजलेला पालापाचोळा, खत, ओला कडबा, कारण त्यात ॲस्परजिलस बुरशीचे कण ठासून असतात आणि ते एकदम छातीत गेले तर काही दिवसांत मूल गंभीर होऊ शकतं. आमच्या सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा कंपोस्ट पिट खेळायच्या जागेला लागून आहे. माझा मुलगा दर रविवारी माळीकाकांबरोबर तिथे खत उपसायला जायचा, त्याला गांडुळं आवडतात. त्या आठवड्याच्या आठवड्यात मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि सगळं सांगितलं, पिट मागच्या भिंतीकडे हलवला लोकांनी, एकानेही वाद घातला नाही. पेठेत आजोळी जातो तिथे शेजारचा जुना वाडा पाडतायत, ते काम संपेपर्यंत तिकडे जाणं बंद. पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल यायची, ती या मे महिन्यात पूर्ण खरवडून वॉटरप्रूफिंग करून घेतली. हे सगळं मला तुकड्यातुकड्याने कळलं, एका कागदावर मिळालं असतं तर तो मुलगा रिपोर्ट आल्यानंतर अजून दोन रविवार त्या पिटात गेला नसता.

माझी धाकटी बहीण चिंचवडला असते, तिला पाचवा महिना आहे. तीही वाहक असण्याची शक्यता निम्मी. दोन महिने ती नको म्हणत होती, काल रात्री तिचा फोन आला की ताई, तुझ्या त्या लॅबचा नंबर पाठव. बुधवारी सकाळी सातची वेळ मिळाली आहे, चिंचवडपर्यंत येतात, विचारून घेतलं. कंट्रोलला तिच्या जाऊबाई तयार झाल्यात. मी आदल्या रात्रीच राहायला जाणार आहे.